भित्र्या वकिलाची अशील

माझ्या मुलीचा खटला मी ज्या माणसाच्या हातात दिला, तो माणूस नारळाच्या झाडांना भ्यायचा. म्हैसुरात नारळाला भिऊन राहायचं म्हणजे घराबाहेर पडायलाच नको, कारण आमच्याकडे प्रत्येक कंपाउंडात दोन झाडं उभी असतात. पण वकीलसाहेब रोज बाहेर पडायचे, डोक्यावर हेल्मेट घालून, पायी. स्कूटर त्यांच्याकडे जन्मात कधी नव्हती. बसस्टॉपवर पोचले की हेल्मेट कापडी पिशवीत जायचं आणि त्याच पिशवीतून काळा कोट बाहेर यायचा. गल्लीतले लोक हसायचे. साहेब म्हणायचे, “हसा, हसा. नारळ हसत नाय, पडतो.”

ते लिफ्टला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, परक्या घरच्या कॉफीला भ्यायचे. अकराची तारीख असली तर नऊला कोर्टात हजर, कारण बस बंद पडली तर? प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, तीन पिशव्यांत. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे आणि एक घरी, खिडकीपासून लांब. आमच्या मराठीत म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मला वाटायचं, यांच्यापाठी अख्खं ब्रह्मराक्षसांचं कुटुंब लागलंय, पोराबाळांसकट.

असल्या माणसाकडे मी गेले कशी, ते सांगते. माझं माहेर शिंप्याचं. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात. घरात मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. नवरा साताऱ्याकडचा, नंजनगूडच्या एका कारखान्यात नोकरीला आला होता. तो म्हणायचा, तुमचं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी. पहिली दोन वर्षं मी हसले, नंतर हसू येईना. आमचं का बिनसलं ते इथे सांगत नाही. त्याच्या तोंडून ऐकलंत तर तेही खरं वाटेल. मी पाच वर्षांच्या चिन्नूला घेऊन आईकडे आले आणि ब्लाउज शिवायला बसले. तीन महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली. त्याची पुण्याला बदली होणार होती, मुलीचा ताबा त्याला हवा होता.

माझी पाचावर धारण बसली. दोन वकील गाठले. दोघेही म्हणाले, “घाबरू नका, लहान मूल आईकडेच राहतं.” त्यांच्या पायऱ्या उतरताना मी आधीपेक्षा जास्त घाबरलेली असायचे. मग माझ्याकडे कपडे शिवून घेणाऱ्या एका मावशींनी या तिसऱ्यांचं नाव सांगितलं. “आपल्यातलेच हायत, रंगाऱ्यांच्या घरचे. जरा विचित्र हायत बघ, पण जा.”

त्यांनी मला घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. नोटीस मागितलीच नाही. कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि विचारलं, “कशाला कशाला भ्यायलीस?”

“तो पोरगीला नेईल.”

“आयतु, बरं, ते एक झालं. अजून?”

मी सांगत गेले. तो शाळेच्या गेटवरूनच तिला उचलेल. जज माझं बोलणं ऐकून हसतील. त्याची पक्की नोकरी आणि माझं एक मशीन. माझ्या आईची जीभ. ते नंबर घालत होते. अकरावर आल्यावर माझ्या तोंडून निघालं, “तिला बाबाच जास्त आवडतो.” हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. त्यांनी पेन्सिल थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. “हे खरं,” ते म्हणाले. “बाकीचे दहा असंच.”

मग त्यांनी कागद उलटा केला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. “आता त्याचं पान. तो कशाला भितो ते लिही.”

मी उठलेच. “तुम्ही माझे वकील की त्याचे?”

“तुझाच, मा. पण समोरचा माणूस काय करणार ते त्याचा वकील ठरवत नाय. त्याची भीती ठरवती. ते ठाऊक नाय तर मी काय करू?”

मी तडक घरी गेले. दोन दिवस धुसफुसत काढले आणि तिसऱ्या दिवशी परत येऊन चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ होती, मुलगी मला विसरेल. लिहिताना मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. वकीलसाहेबांनी कागदाची घडी घालून फाइलीत ठेवली. त्यांच्या प्रत्येक फाइलीत असं एक पान असायचं म्हणे, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप.

पहिल्या तारखेला त्यांना उभं राहिलेलं पाहिलं. टेबलाची कड घट्ट धरूनच ते बोलायचे. समोरचा वकील तरुण, बूट चकचकीत, आवाज खणखणीत. मनात म्हटलं, झालं, आपली पोरगी गेली. पण जज मेडम पेन खाली ठेवून यांचं ऐकत होत्या. बहुतेक ते फार थोडं बोलायचे म्हणून असेल. “रागावलेला माणूस वाढवून बोलतो,” ते मला सांगायचे. “भ्यालेला मोजकं बोलतो. तू भ्यालेली राहा, बरं हाय.” “भिऊ नको” हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

कोर्टाने दर रविवारी दहा ते पाच चिन्नूला तिच्या बापाकडे पाठवायला सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सातला साहेबांचा फोन.

“उठलीस? पोरगीला खायला घातलीस? आता तिच्या देखत बापाचं एक चांगलं बोल.”

“मला काही सुचत नाही.”

“सुचंपर्यंत फोन धरतो मी.”

आणि खरंच धरून बसायचे. मग मी दात-ओठ खात म्हणायचे, “चिन्नू, तुझ्या बाबांना बाइक छान चालवता येते हं.” पुढच्या रविवारी, बाबांचं अक्षर सुंदर आहे. तिसऱ्या रविवारी, बाबांना आंबा कापता येतो. असं वर्षभर चाललं. आपल्या नवऱ्याचे इतके गुण नांदताना मला कधी दिसले नव्हते.

साहेब गेल्या वर्षी वारले. झोपेत, आपल्या पलंगावर. डोक्यावर काही पडलं नाही. बातमी ऐकून मी रडले, पण त्यांच्यावरचा एक राग अजून गेलेला नाही. तो कशाचा, ते आता सांगायला हवं.

ताब्याचा खटला येण्याआधीच्या पावसाळ्यात चिन्नूला डेंगी झाला होता. आमच्या आईने तेव्हा नंजनगूडच्या देवाला हरके बोलली, म्हणजे नवस केला, की पोरगी उठली तर तिचे केस तुला देईन. पोरगी उठली. नवस मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहून गेला. पुढे पुण्याची भीती आली, तशी मला नव्याच भीतीने धरलं. फेडायचा राहिलेला नवस डोक्यावर घेऊन पोरगी परगावी गेली आणि तिकडे काही झालं तर?

आमच्याकडे नंजनगूडला केस देणं म्हणजे काहीच विशेष नाही. बाई, बाप्या, म्हातारी, लेक, सगळे देतात. माझंच डोकं लहानपणी तीनदा झालंय. एका शनिवारी मी आणि आई चिन्नूला घेऊन सकाळच्या गाडीने गेलो. नदीवर अंघोळ, अर्ध्या तासात केस उतरले, डोक्याला चंदनाचा लेप. ती आपल्या डोक्यावरून हात फिरवून खिदळत होती. दहीभात खाऊन दुपारी परत आलो. साहेबांना विचारलं नव्हतं. देवाकडे जायला वकिलाची परवानगी कशाला?

रविवारी दहाला तो आला. चिन्नू पळत गेटपाशी गेली, पिवळं डोकं दाखवायला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. तो मला म्हणाला, “मी अजून जिवंत आहे.” एवढंच. तिला बाइकवर बसवून घेऊन गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या गावी बाप मेल्यावर डोक्यावरचे केस उतरतात. मी हे नुसतं ऐकलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. माझे सासरे गेले तेव्हा तो आणि त्याचे भाऊ नदीकाठी ओळीने बसले होते आणि टॉवेल घेऊन मागे उभी होते ती मीच. तरी नंजनगूडला मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. दोघांची भाषा एकच म्हणून मी धरून चालले होते की दोघांचे रिवाजही एकच. तो दिवस कसा गेला ते मला माहीत. पाचच्या ठोक्याला त्याने तिला परत आणून सोडलं.

बुधवारी त्याचा अर्ज आला. आईने जिवंत बापाचं सुतक मुलीच्या डोक्यावर केलं, मूल अशा बाईच्या हाती राहू नये, ताबा लगेच मला द्यावा. तो वाचल्यावर माझ्या सुईत दोरा जाईना.

“उवा झालत्या म्हणून सांग की,” आई म्हणाली. “डॉक्टरनी सांगितले म्हणून काढलो, असं सांग. कोण बघाय येणार हाय?”

मला ते एकदम पटलं. अर्ज घेऊन साहेबांकडे पळाले. त्यांनी तो दोनदा वाचला. मग आत जाऊन पाणी पिऊन आले आणि म्हणाले, “मला भ्या वाटायलंय, मा.”

ज्या फांदीला धरून लोंबकळावं तीच थरथरावी, तसं मला झालं. मी घाईघाईने उवांचं सांगितलं. त्यांनी फाइल मिटली आणि माझ्या पुढ्यात सरकवली.

“मेडम पोरगीला आत बोलवणार. एकटीला. ती काय सांगंल? नंजनगूड का उवा?”

मी फाइलीची दोरी गुंडाळायला लागले.

“म्हणजे तू तिला शिकवणार. सहा वर्षांच्या पोरगीला खोटी साक्ष शिकवायची असंल तर दुसरा वकील बघ. गावात बेकादष्टु हायत, पायजे तेवढे.”

“मग काय सांगू?”

“झालं ते सांग. आणि चुकलं म्हण.”

“नवस फेडला ही चूक?”

“नवस नाय. त्याला विचारलीस नाय, ती चूक. एक फोन, अष्टे, एवढंच.”

“विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता!”

“म्हणाला असता,” ते शांतपणे म्हणाले. “म्हणून तू विचारलीस नाय. हेच लिहायचं.”

आणि हेच लिहिलं. त्या कागदावर सही करताना मला वाटलं, मी आपल्या हाताने पोरगी देऊन टाकतेय.

तारखेला चिन्नूला जज मेडमनी खरंच आत बोलावलं. कानटोपी घालून ती गेली, मागे वळून पाहिलं नाही. दार बंद झालं. व्हरांड्यातल्या बाकावर मी आणि साहेब. समोरच्या बाकावर तो आणि त्याचा वकील. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी किती देवांना किती नवस बोलले असेन, आणि प्रत्येक नवसाला स्वतःच दचकले असेन. साहेब दाराकडे बघत बसले होते. मध्येच म्हणाले, “बाहेर आली की काय बोललीस म्हणून विचारू नको. आज नाय, कधीच नाय.” मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

मग आम्हाला आत घेतलं. मेडमनी मला कन्नडात विचारलं, “मुलीच्या वडिलांना आधी का सांगितलं नाही?”

मी म्हणाले, “भ्याले.”

त्यांनी ते लिहून घेतलं. समोरचा वकील तावातावाने बोलत राहिला, मानसिक छळ, अघोरी प्रकार, काय काय. मेडम त्याच्या बोलण्याला मान हलवत होत्या. तेवढ्यात साहेब टेबलाची कड धरून उठले. म्हणाले, आईने चूक कबूल केली आहे. मुलीची शाळा मध्येच तोडू नये, तिला आईकडे राहू द्यावं. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण एक महिना वडिलांनी तिला पुण्याला न्यावं. आई याला तयार आहे.

आई कशाला तयार आहे? माझ्याशी ते एक अक्षर बोलले नव्हते! मी मागून त्यांचा कोट धरून ओढला. त्यांनी वळून पाहिलं नाही. मेडमनी चिन्नूच्या बापाकडे पाहिलं, त्याने मान डोलावली. तसाच हुकूम झाला.

व्हरांड्यात मी माणसं-बिणसं न बघता ओरडले. “माझ्याच वकिलाने माझी पोर देऊन टाकली! तो आणणार नाही तिला परत!”

“आणील,” साहेब म्हणाले.

“कशावरून?”

“आणील, मा.”

ज्या माणसाने वर्षभरात मला एकदाही धीर दिला नव्हता, तो हे म्हणत होता. म्हणून मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होते?

एप्रिलमध्ये ती त्याच्याबरोबर पुण्याला, त्याच्या बदलीच्या गावी गेली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा असं ठरलं होतं. पहिले दहा दिवस ती हसत होती. मग एकदा म्हणाली, “आई, बाबांनी मला शाळा दाखवली. मोठी हाय. झोपाळा पण हाय.” माझ्या हातातून फोन पडायचाच राहिला. साहेबांना विचारलं, शाळा कशाला दाखवली असेल? ते म्हणाले, “आणील.” पंचविसाव्या दिवशी फोन आला नाही. सव्विसाव्या दिवशीही नाही. त्या दिवसांत मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी दार पूर्ण उघडलंसुद्धा नाही, फटीतून म्हणाले, “आणील, जा घरी.” सत्ताविसाव्या दिवशी फोन लागला. तिला ताप होता म्हणे. खरं की खोटं, देव जाणे.

तिसाव्या दिवशी स्टेशनवर गेले. बेंगळूरची गाडी आली. त्याने कळवलेल्या डब्यातून सगळे उतरले, ही दोघं नाहीत. हमाल पांगले, फलाट रिकामा होत आला. मी पुढे धावू की मागे, तेही कळेना. मग अगदी शेवटच्या टोकाला ती दिसली, त्याचा हात धरून, हळूहळू चालत येताना.

त्याने बॅग खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, “दोनदा तिकीट रद्द केलं. आणणार नव्हतो मी हिला.”

मी चिन्नूला जवळ ओढलं.

“शाळेत नाव घालायला गेलो होतो. फॉर्मवर आईची सही मागितली.” त्याने खिशातून चार घड्या पडलेला कागद काढला, पाहिला, परत ठेवला. “तुला न विचारता मलाच करावी लागली असती. मग नाही घातलं.”

मी चिन्नूला घेऊन तशीच रिक्षाने साहेबांकडे गेले. बातमी द्यायची होती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पाया पडायचं होतं. ते अंगणातच होते. चिन्नूला पाहिल्यावर त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. ते पायरीवर बसले आणि पंच्याने तोंड पुसत राहिले, बराच वेळ. चिन्नू त्यांच्या चिक्कूच्या झाडाखाली पडलेली फळं वेचायला गेली.

“आणला,” ते म्हणाले. “खरंच आणला की गं.”

“तुम्ही म्हणाला होतात ना.”

“म्हणालो.” त्यांनी पंचा खाली घेतला. “मला वाटत नव्हतं, मा. मला वाटलं, गेली पोरगी.”

मला आधी समजलंच नाही. “म्हणजे? मग दिलीत कशाला?”

“मेडम त्या दिवशी पोरगी त्यालाच देणार हुत्या. मी त्यांचं तोंड बघत हुतो. महिना देऊन वरीस राखावं, तेवढंच सुचलं. तुला विचारलो असतो तर तू नाय म्हणाली असतीस.”

मी उभ्या उभ्या गार पडले. महिनाभर त्यांच्या त्या एका शब्दावर मी जेवले होते, झोपले होते, मशीन चालवलं होतं, आणि त्या शब्दाखाली काहीच नव्हतं. त्यांना मारावंसं वाटलं मला. हातही उचलला असेन कदाचित. मग भान आलं की चिन्नू दिसत नाहीये. ती झाडामागे होती, दहा पावलांवर, पण मी अशी किंचाळले की शेजारची बाई कंपाउंडावरून डोकावली. चिन्नू फ्रॉकमध्ये चिक्कू घेऊन धावत आली. मी तिचं मनगट धरलं आणि चालू लागले.

“आई, हात दुखायलाय,” ती रस्त्यात दोनदा म्हणाली. मी सोडला नाही.